ताल मोजणारी चिप: ओपन सोर्स साधनांनी पहिला टेपआउट

आर्डुइनो, ईएसपी३२ वगैरे करून झालेल्या माणसाला कधीतरी प्रश्न पडतोच की ही काळी चिप आपण स्वतः बनवू शकतो का. बनवू शकतो. त्यासाठी ना कारखाना लागतो, ना लाखोंची सॉफ्टवेअर लायसन्स. मात्र या विषयावरची माहिती विखुरलेली आहे, आणि बरीचशी जुनी झालेली आहे. म्हणून सुरुवातीपासून टेपआउट (म्हणजे तयार डिझाइन कारखान्याकडे सोपवणं) आणि पुढे बोर्ड हातात येईपर्यंतचा रस्ता इथे क्रमाने मांडतो. व्हेरिलॉग (सर्किटचं वर्णन लिहायची भाषा) येत नसेल तरी चालेल, पण अँड, ऑर, फ्लिप-फ्लॉप म्हणजे काय एवढं माहीत असावं.

उदाहरण म्हणून मी माझंच डिझाइन घेतो. तबल्याचा रियाज करणाऱ्यासाठी ताल मोजणारी चिप. सात रेघांच्या डिस्प्लेवर समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, टाळीला २, ३, ४ आणि खालीला (जिथे टाळी न देता हात उघडतात) ० दिसतो, आणि प्रत्येक मात्रेला दशांशाचा ठिपका लुकलुकतो. फुली सात रेघांत काढता येत नाही, म्हणून तिथे इंग्रजी एच दाखवतो. भातखंडे पद्धतीची ताललिपी ज्यांना येते त्यांना यात वेगळं काही शिकावं लागत नाही.

१. चिप कुठे बनणार ते आधी समजून घ्या

चिपचं डिझाइन करायला कारखान्याचे नियम लागतात: तार किती बारीक चालेल, दोन तारांत किती अंतर हवं, ट्रान्झिस्टर विजेला कसा प्रतिसाद देतो. या सगळ्या माहितीच्या गठ्ठ्याला पीडीके म्हणतात. २०२० पर्यंत तो गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळत नसे, त्यामुळे हौशी माणसाला दार बंदच होतं. जून २०२० मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली स्कायवॉटर या दोघांनी मिळून १३० नॅनोमीटरचा पीडीके खुला केला. त्याचं नाव स्काय१३०. पुढे ग्लोबलफाउंड्रीजचा १८० नॅनोमीटरचा आणि जर्मनीतल्या आयएचपी या संशोधन संस्थेचा १३० नॅनोमीटरचा पीडीकेही खुला झाला.

१३० नॅनोमीटर म्हणजे साधारण २००० सालच्या आसपासचं तंत्रज्ञान. फोनचा प्रोसेसर यातून होणार नाही. छोटा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर, आवाज काढणारी सिंथ चिप, व्हीजीए पडद्यावरचा खेळ हे सगळं होतं.

पूर्ण चिप स्वतःची हवी असेल तर खर्च मोठा. स्काय१३० वर अशी सेवा देणाऱ्या ईफॅबलेस कंपनीचा दर शंभरेक चिपांसाठी ९,७५० डॉलर होता. हौसेसाठी सरळ रस्ता टाइनी टेपआउटचा. मॅट व्हेन यांनी २०२२ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात एकाच चिपवर शेकडो लोकांची डिझाइन शेजारी शेजारी बसवतात आणि खर्च वाटून घेतात. अशा सामायिक फेरीला शटल म्हणतात. तुम्हाला मिळणाऱ्या बोर्डवरच्या चिपमध्ये तुमच्यासोबत बाकी सगळ्यांचीही डिझाइन असतात. एका वेळी एक निवडून चालवायचं.

एक धोका मात्र आधीच सांगतो. मार्च २०२५ मध्ये ईफॅबलेस पैशांअभावी बंद पडली आणि तिच्यामार्फत जाणाऱ्या टाइनी टेपआउटच्या शटल अडकल्या. उपक्रम त्यातून सावरला आणि दुसऱ्या मार्गांनी चालू राहिला. पण कॉलेजच्या प्रकल्पाची तारीख किंवा कुणाचं वाढदिवसाचं गिफ्ट या चिपवर टांगून ठेवू नका.

२. काय काय लागेल

- गिटहब खातं आणि तिथे सार्वजनिक रिपॉझिटरी. डिझाइन खुलं ठेवावं लागतं. लपवायचं असेल तर हा रस्ता तुमचा नव्हे.
- साधा लॅपटॉप. जड काम गिटहबच्या सर्व्हरवर होतं.
- आपल्या यंत्रावर इकारस व्हेरिलॉग (सिम्युलेटर), जीटीकेवेव्ह (सिग्नलचे आलेख बघायला), पायथन आणि कोकोटीबी (पायथनमधून चाचण्या लिहायला). विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) बसवा, नाहीतर अर्धी साधनं रुसून बसतात.
- एक स्वस्त एफपीजीए बोर्ड, म्हणजे हवं ते डिजिटल सर्किट पुन्हा पुन्हा चढवता येणारी चिप असलेला. सक्तीचा नाही, पण मी घ्याच म्हणेन. आइस४० मालिकेतला कुठलाही किंवा टँग नॅनो ९के.
- आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर आपल्याकडची नवी कार्डं देशाबाहेरच्या व्यवहारांना बंद अवस्थेतच येतात. बँकेच्या ॲपमधून हे आदल्या आठवड्यात चालू करून ठेवा, शेवटच्या रात्री नको.
- पार्सल भारतात येणार असेल तर केवायसीसाठी ओळखपत्र आणि पॅन. कुरियरवाले कस्टमच्या वेळी मागतात. बिलाची पीडीएफ हाताशी ठेवा आणि ड्युटीसाठी थोडे पैसे बाजूला काढा.

सगळी साधनं एकत्र हवी असतील तर ऑस्ट्रियातल्या लिंट्झच्या योहानेस केप्लर विद्यापीठाने आयआयसी-ओएसआयसी-टूल्स नावाचा डॉकर कंटेनर तयार केला आहे. आकाराने अवाढव्य आहे, पण साधनं एकेक बसवण्यात जाणारे शनिवार-रविवार वाचतात. ॲनालॉग सर्किटकडे ओढा असेल तर मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम बघा. आतून एनजीस्पाइस हा सर्किट सिम्युलेटरच वापरतं, आणि शिकणाऱ्याला समोर ठेवून केलेलं आहे.

३. कल्पना एका टाइलमध्ये बसवा

टाइनी टेपआउटमध्ये जागा टाइलने विकत घ्यायची. एक टाइल साधारण १६० बाय १०० मायक्रॉन. स्काय१३० च्या नेहमीच्या सेल संचात (तयार गेटांच्या संग्रहात) एक साधं नँड गेट पावणेचार चौरस मायक्रॉन घेतं आणि एक फ्लिप-फ्लॉप वीसच्या आसपास. म्हणजे लक्षात ठेवणं हे विचार करण्यापेक्षा पाचपट महाग. नवखा माणूस हमखास अडतो तो इथे. दोनशे छप्पन बाइटची मेमरी व्हेरिलॉगमध्ये एका ओळीत लिहून होते, पण तिचे २,०४८ फ्लिप-फ्लॉप होतात आणि एकट्यानेच दोन-तीन टाइल खाऊन वर तारांना जागा मागतात.

पिना ठरलेल्या आहेत: ८ इनपुट, ८ आउटपुट, ८ दोन्हीकडे वापरता येणाऱ्या, शिवाय क्लॉक आणि रीसेट. डेमो बोर्डवर इनपुटला आठ छोटे स्विच आणि आउटपुटला सात रेघांचा डिस्प्ले जोडलेला असतो. तेवढ्यावरच भागेल अशी कल्पना निवडलीत तर चिप आल्यावर वेगळं काहीच जोडावं लागत नाही.

माझी वाटणी अशी: दोन स्विच ताल निवडायला (तीनताल, झपताल, रूपक, एकताल), तीन स्विच लय निवडायला, एक चालू-बंद करायला. उरलेल्या दोनांपैकी आठवा स्विच कशासाठी ते पाचव्या पायरीत सांगतो.

क्लॉकही विचारपूर्वक निवडा. ५० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवरून एक सेकंद मोजायचा तर २६ बिटांचा काउंटर लागतो. क्लॉक १० किलोहर्ट्झ घेतलं तर १४ बिटांत काम भागतं, कारण मिनिटाला ४० मात्रांची माझी सगळ्यात संथ लय क्लॉकच्या १५,००० ठोक्यांची होते आणि १४ बिटांत १६,३८३ पर्यंत मोजता येतं. बारा फ्लिप-फ्लॉप फुकटात वाचले. अतिविलंबित एकताल यात बसत नाही; ख्याल गाणाऱ्यांनी काउंटर मोठा घ्यावा.

४. व्हेरिलॉग लिहा, पण सॉफ्टवेअरसारखं नाही

गेट ओढून जोडायची इच्छा असेल तर वोक्वी नावाचं ब्राउझरमधलं साधन आहे, आणि त्यातलं चित्र थेट चिपमध्ये जातं. पहिल्यांदा मजा म्हणून तेही करून बघा. काउंटर चार बिटांच्या पुढे गेला की मात्र तारांचं जाळं होतं, तेव्हा व्हेरिलॉगकडे या.

टाइनी टेपआउटची तयार टेम्प्लेट रिपॉझिटरी आपल्या खात्यात घ्या. टॉप मॉड्यूलच्या नावाच्या सुरुवातीला टीटी आणि यूएम ही अक्षरं अंडरस्कोअरसह असलीच पाहिजेत, आणि तेच नाव माहितीच्या याम्ल फाइलमध्येही हवं. एका अक्षराचा फरक पडला तरी बिल्ड (गिटहबवर आपोआप होणारी डिझाइनची बांधणी) लाल होतो. न वापरलेल्या आउटपुटला शून्य जोडा. मोकळे सोडू नका.

आता सापळे. हे सगळे एफपीजीएवर लपून राहतात आणि चिपवर चावतात.

पहिला: इनिशियल ब्लॉक. एफपीजीएमध्ये सुरुवातीची किंमत त्याने बसते, चिपमध्ये बसत नाही. वीज आल्यावर फ्लिप-फ्लॉपमध्ये काय असेल याचा नेम नसतो. जी अवस्था महत्त्वाची आहे तिला रीसेटमधूनच किंमत द्या. इथला रीसेट उलटा आहे हेही ध्यानात असू द्या: शून्य म्हणजे रीसेट.

दुसरा: काउंटरच्या बिटालाच पुढचं क्लॉक म्हणून वापरणं. मात्रेचा ठोका हे नवं क्लॉक करू नका. सगळे फ्लिप-फ्लॉप एकाच क्लॉकवर ठेवा आणि मात्रा आली की एक ठोका टिकणारा इनेबल सिग्नल द्या.

तिसरा: स्विच थेट वापरणं. बोटाने दाबलेला स्विच क्लॉक बघून दाबला जात नाही. प्रत्येक इनपुट एकामागोमाग दोन फ्लिप-फ्लॉपमधून घ्या, मग वापरा.

चौथा सापळा मला सगळ्यात शिकवणारा वाटतो, म्हणून जरा थांबतो. मात्रा मोजणारा काउंटर शेवटच्या मात्रेला पोचला की शून्यावर आणायचा, हे लिहिताना हात सहज 'बरोबर असेल तर' अशी तुलना लिहितो. तीनतालात चौदाव्या मात्रेवर असताना कुणी स्विच रूपकवर टाकला की काय होतं? काउंटर शून्यापासून मोजतो, म्हणून तो १३ वर आहे, आणि रूपक ६ ची वाट बघतोय. १३ वरून पुढे जाणारा काउंटर ६ ला लगेच भेटणार नाही. चार बिट भरून उलटेपर्यंत भलत्याच मात्रा मोजत राहील. लयीच्या काउंटरचं आणखी वाईट: तो १६,३८३ पर्यंत जाऊन उलटेपर्यंत दीड सेकंदाहून जास्त वेळ मात्राच पडत नाही. उपाय दोन, आणि दोन्ही करा. तुलना 'तेवढं किंवा जास्त' अशी लिहा. आणि नवा ताल लगेच न उचलता समेवर उचला. तबलजीही तेच करतो.

५. चाचणी: अर्ध्याहून अधिक वेळ इथे द्या

टेम्प्लेटमधल्या चाचणीच्या फोल्डरमध्ये कोकोटीबीची पायथन फाइल असते. व्हेरिलॉगमध्ये चाचण्या लिहिण्यापेक्षा पायथनमध्ये खूप सोपं जातं. काय तपासायचं ते आधी मराठीत कागदावर लिहा. माझी यादी साधारण अशी होती: तीनतालात पहिल्या मात्रेला फुली, पाचव्याला २, नवव्याला ०, तेराव्याला ३, आणि सतराव्या मात्रेला परत फुली. झपतालात टाळी १, ३, ८ वर आणि खाली सहावीवर. एकतालात टाळी १, ५, ९, ११ वर आणि खाली ३ व ७ वर. रूपकात समच खाली आहे, म्हणून पहिल्या मात्रेला फुली न दिसता ० दिसला पाहिजे. टाळी ४ आणि ६ वर. मग आवर्तनाच्या मध्येच ताल बदलून बघा, प्रत्येक तालातून प्रत्येक तालात. पायथनमध्ये हे दोन फॉर-लूपचं काम आहे.

अडचण वेळेची. एक मात्रा १०,००० ठोक्यांची असेल तर तीनतालाचं एक आवर्तन १,६०,००० ठोके, आणि सिम्युलेटर तेवढं करताना तुम्ही चहा करून याल. काहीजण चाचणीपुरता काउंटर पॅरामीटरने छोटा करतात. त्यात मेख अशी की गेट पातळीच्या चाचणीत पॅरामीटर बदलता येत नाही, तो तोवर गेटमध्ये गोठलेला असतो. म्हणून आठवा स्विच. तो वर असला की मात्रा १० ठोक्यांत संपते. चाचणी झपाट्याने होते आणि हाच स्विच पुढे खऱ्या चिपवरही कामी येतो.

गेट पातळीची चाचणी म्हणजे तुमचा व्हेरिलॉग बाजूला ठेवून, साधनाने तयार केलेल्या प्रत्यक्ष गेटांच्या जोडणीवर त्याच चाचण्या चालवणं. पहिल्या चाचणीत हिरवं आणि इथे सगळीकडे एक्स (म्हणजे किंमत अज्ञात) दिसत असेल तर नव्वद टक्के वेळा कुठलातरी फ्लिप-फ्लॉप रीसेट करायचा राहिलेला असतो. आउटपुट क्लॉकच्या चढत्या कडेवरच वाचू नका. गेटांना वेळ लागतो, उतरत्या कडेवर वाचा.

यानंतर एफपीजीएवर चढवून खरे स्विच, खरा डिस्प्ले लावा आणि कुणालातरी त्यावर वाजवायला सांगा. ठिपका फार थोडा वेळ लागतो, दिसतच नाही, असल्या तक्रारी सिम्युलेटर करत नाही.

६. लेआउट तयार होताना काय बघायचं

कोड गिटहबवर पाठवला की लिब्रलेन नावाची साखळी आपोआप चालते. आधीचं ओपनलेन तेच. तिच्या आत योसिस व्हेरिलॉगचं गेटांत रूपांतर करतं, ओपनरोड गेटं मांडतं, क्लॉकचं झाड पसरतं आणि तारा ओढतं, मग मॅजिक आणि केलेआउट कारखान्याचे नियम तपासतात, आणि नेटजेन बघतं की काढलेलं चित्र मूळ जोडणीशी जुळतं का. यातलं मॅजिक १९८० च्या दशकात बर्कलीत जन्मलं, आणि दिसतंही तसंच.

शेवटी जीडीएस फाइल मिळते, तीच कारखान्याला जाते. ब्राउझरमध्ये ती त्रिमितीत फिरवून बघता येते. बघा, फोटो काढा, घरच्यांना दाखवा. मग अहवाल उघडा, कारण हिरवी खूण आली म्हणजे सगळं वाचलं असं नव्हे.

सिंथेसिसच्या, म्हणजे गेटांत रूपांतराच्या, अहवालात 'लॅच' (क्लॉकच्या कडेशिवाय किंमत धरून ठेवणारा घटक) हा शब्द शोधा. सापडला तर कुठेतरी केस किंवा इफ अर्धवट राहिलंय. फ्लिप-फ्लॉपची संख्या तुमच्या अंदाजाशी ताडून बघा. अंदाज चाळीसचा आणि अहवालात पाच असतील तर तुमचं अर्धं डिझाइन निरुपयोगी समजून साधनाने कापून टाकलंय, आणि ते तक्रार न करता कापतं.

टायमिंगमध्ये दोन शब्द भेटतील: सेटअप, म्हणजे क्लॉकच्या कडेआधी किंमत वेळेत पोचणं, आणि होल्ड, म्हणजे कडेनंतर ती थोडा वेळ टिकणं. सेटअप चुकला तर क्लॉक हळू करून चिप वाचवता येते. होल्ड चुकला तर क्लॉक कितीही हळू करा, चिप चुकीचंच मोजणार. गूगलने खर्च उचललेल्या पहिल्या मोफत शटलच्या, म्हणजे एमपीडब्ल्यू-१ च्या चिपांना सगळ्या डिझाइनभोवती असलेल्या सामायिक चौकटीतल्या होल्डच्याच दोषाने ग्रासलं होतं. त्यामुळे होल्डचा आकडा ऋण दिसला तर पुढे जाऊ नका. सेटअपसाठी मी क्लॉकचा कालावधी टेम्प्लेटमधला २० नॅनोसेकंदच ठेवला. चिप चालणार १० किलोहर्ट्झवर, तपासणी झाली ५० मेगाहर्ट्झची.

अँटेना नावाचा इशाराही येतो. चिप बनताना लांब तारेवर विद्युतभार साचतो आणि तिला जोडलेल्या ट्रान्झिस्टरचा पातळ ऑक्साइड जाळू शकतो. साधन स्वतःच तिथे डायोड घालतं. एखाद-दुसरा किरकोळ इशारा उरला तर घाबरू नका.

जागा पुरत नसेल तर घनतेचा आकडा वाढवत बसण्याआधी डिझाइनमधून काहीतरी काढा. ते जमत नसेल तर सरळ दुसरी टाइल घ्या. ताल मोजणाऱ्या चिपने टाइलचा पाव भागही घेतला नाही, म्हणून हा प्रश्न मला आला नाही.

७. सादर करा

टाइनी टेपआउटच्या ॲपमध्ये गिटहबने आत जा, रिपॉझिटरी जोडा, टाइल आणि बोर्डचे पैसे भरा. दोन्हींचे दर वेगळे असतात आणि शटलगणिक बदलतात. माहितीपत्रकाचं पान भरलेलं नसेल तर बिल्ड अडतो: चिप काय करते, कशी तपासायची, बाहेरून काय जोडायचं. हे नीट लिहा. चिप येईपर्यंत कुठला स्विच कशाचा हे तुम्हीच विसरलेले असाल.

शेवटच्या दिवशी गर्दी असते. आठवडाभर आधी चालणारी आवृत्ती सादर करा. मुदत संपेपर्यंत सुधारित आवृत्ती पुन्हा पाठवता येते, म्हणून 'अजून एक गोष्ट घालतो' म्हणत थांबण्यात काही फायदा नाही.

मग वाट बघायची. कारखाना, पॅकेजिंग, बोर्ड, टपाल धरून महिनोन्महिने जातात.

८. बोर्ड आल्यावर

यूएसबी लावा, क्रोममध्ये टाइनी टेपआउट कमांडर (बोर्ड चालवायचं वेबपान) उघडा, बोर्ड जोडा. बोर्डवरच्या मायक्रोकंट्रोलरमधून तुमचं डिझाइन निवडायचं, क्लॉक १० किलोहर्ट्झ ठेवायचं आणि रीसेट द्यायचा. डिस्प्ले काळाच राहिला तर आधी चिपवरचं तयार फॅक्टरी टेस्ट डिझाइन निवडून बोर्ड जिवंत आहे ना बघा, मग क्लॉक पोचतंय का, मग स्विचचं नियंत्रण बोर्डकडे आहे की कमांडरने स्वतःकडे घेतलंय ते. सुरुवातीला माझाही डिस्प्ले काळा होता आणि कारण हे तिसरंच होतं.

नंतर जलद चाचणीचा तो आठवा स्विच वर करा. दहा ठोक्यांची मात्रा डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून क्लॉक २० हर्ट्झवर आणा, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक मात्रा पडते, आणि चारही ताल यादीप्रमाणे ताडून घ्या. शेवटी स्विच खाली, क्लॉक परत १० किलोहर्ट्झ, लय ६०, आणि मोबाइलवर स्टॉपवॉच. समेपासून समेपर्यंत तीनताल १६ सेकंदांत यायला हवा. वेळ जुळली नाही तर कमांडरमधला क्लॉकचा आकडा आधी बघा. बहुतेक वेळा एखादं शून्य कमी-जास्त झालेलं असतं.